'मले वाटते' पासून 'मोजून पाह्यलं' पर्यंत : नीट विचार करायची सवय लावायची कशी?

धुरकरी
रामराम मंडळी.

बियाणं कोणतं घ्यायचं, कापूस आता विकायचा की ठेवायचा, बोअर कुठं मारायची, मोबाइलवर आलेला निरोप खरा की खोटा... गावात राहणाऱ्या माणसाला असे निर्णय सतत घ्यावे लागतात, आणि त्यातले निम्मे पानठेल्यावर होतात. तिथं ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

तर्कशुद्ध विचार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? पुस्तकांची यादी नको. उद्या सकाळी वावरात, बाजारात किंवा घरी करता येईल असं सांगा. माझं मत आधीच टाकून ठेवतो : आपल्याकडे अक्कल भरपूर आहे, तुलना कमी आहे. 'एकरी किती झाला' विचारलं की आकडा तयार असतो. 'कशाच्या मानानं' विचारलं की माणूस तंबाखू मळायला लागतो.

पानठेला
पहिला नंबर! ठेल्याची बदनामी थांबवा. निर्णय आमच्याकडे होतात, पण उधारी वहीतच लिहिली जाते.

तिफण
टॉनिकापासून, म्हणजे पीक जोमात यावं म्हणून फवारतात त्या औषधापासून सुरू करू, सगळ्यात जास्त पैसा तिथंच न मोजता जातो.

फवारल्यावर पराटी (कपाशी) हिरवीगार झाली असं सगळेच सांगतात. झाली असेल. पण त्याच आठवड्यात पाऊस झाला, डवरणी (कोळपणी) झाली, युरिया पडला. मग श्रेय कोणाचं? हे कळायचा एकच रस्ता आहे, काही तासं (पिकाच्या ओळी) न फवारता ठेवायची.

वावराच्या मधातली २४ तासं घ्या. धुऱ्यालगतची (बांधालगतची) नको, तिथं उजेड जास्त मिळतो आणि शेजाऱ्याची फवारणीही उडून येते. झाडाच्या सावलीतली नको. चार-चार तासांचे सहा पट्टे पाडा, म्हणजे शेजारशेजारच्या तीन जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा : छाप पडला तर डावा पट्टा फवारायचा, काटा पडला तर उजवा. आपण स्वतः निवडायला गेलो की हात आपोआप चांगल्या पट्ट्याकडे जातो. खुंट्या ठोकून चिंध्या बांधा. बाकी खत, डवरणी, निंदण, कीटकनाशक दोन्हीकडे सारखंच.

तोलताना प्रत्येक पट्ट्याची मधली दोनच तासं तोला, कारण कडेच्या तासांवर शेजारचा फवारा उडालेला असतो. वेचणाऱ्या बायांना कोणता पट्टा कशाचा हे सांगू नका. सगळे पट्टे एकाच वेळी वेचा. सकाळचा दवाचा कापूस अन् दुपारचा कापूस वजनाला एक नसतो. आणि पहिल्या वेचणीवर निकाल लावू नका, सगळ्या वेचण्यांची बेरीज धरा.

आकडे कसे येतात ते दाखवतो. तास २०० फूट लांब, दोन तासांत ४ फूट अंतर, म्हणजे दोन तासं सुमारे दीड गुंठा. समजा न फवारलेले निघाले २६, ३१, २८ किलो आणि त्यांच्याच जोडीचे फवारलेले २९, २७, ३२. सरासरी फरक एक किलो.

वऱ्हाडी_ठेचा
एक किलो म्हंजे एकरी २७ किलो. ७५०० च्या भावानं दोन हजार झाले. टॉनिक ८०० चं. हे तर फायद्यात गेलं राजेहो, काहून रडता?

तिफण
@ठेचा, मधली जोडी पाहा. तिथं न फवारलेला ३१ आणि फवारलेला २७. त्याहून मोठी गोष्ट : ज्यांना टॉनिकचा थेंब लागला नाही त्या तीन पट्ट्यांमध्येच २६ पासून ३१ पर्यंत फरक आहे. जमीनच पाच किलो इकडे-तिकडे करते, तिथं एका किलोचं श्रेय बाटलीला कसं देणार? 'टॉनिक बेकार' हेही यातून सिद्ध होत नाही. एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही, एवढंच सिद्ध होतं. जोड्या सहा करा, नाहीतर पुढच्या वर्षी परत करा.

वऱ्हाडी_ठेचा
पैसे खर्चून 'काहीच सांगता येत नाही' हे शिकायचं! मायबाप घरातून काढतीन.

काळी_कसदार
तिफणचा प्रयोग करायला हंगाम लागतो. मी पाच मिनिटांचा सांगतो. तो फक्त गुणाकार आहे.

'एकरी ३५ क्विंटल कापूस' असा व्हिडिओ आला की कागद घ्या. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. लागवड ४ बाय १ असेल तर १०,८९० झाडं, तीही एक खाडा (रिकामी जागा) न पडता. बोंडात साधारण ४ ग्रॅम कापूस धरा. झाडाला २० बोंडं असली तर ८७१ किलो, म्हणजे पावणेनऊ क्विंटल. ३५ क्विंटलसाठी सगळ्या झाडांना ८० बोंडं पाहिजेत, शेवटच्या झाडापर्यंत. व्हिडिओत मोजतात ते झाड बहुतेक धुऱ्यालगतचं किंवा खाड्याशेजारचं असतं, त्याला जागा अन् ऊन दुप्पट. त्या एका झाडाला १०,८९० नं गुणलं की व्हिडिओ तयार.

दुसरं. ज्याला ३५ झाला त्याचा व्हिडिओ निघतो. तेच बियाणं, तीच पद्धत वापरून ज्यांना ५ झाला त्यांच्याकडे कोणी कॅमेरा घेऊन जात नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा : ही पद्धत कितीजणांनी केली, आणि त्यांतल्या मधल्या माणसाला किती झाला? पहिला नंबर सोडून द्यायचा.

गोणपाट
मोजतानाही माणूस स्वतःला फसवतो. सोयाबीनची उगवण चाचणी घ्या. दर मृगाच्या तोंडावर सगळे सांगतात, 'शंभर दाणे ठेवले, ७२ उगवले, पास.'

पहिली चूक दाणे घेताना होते. पोत्याच्या तोंडाजवळून घेतात आणि फुटके, सुरकुतलेले बाजूला काढतात. मग चाचणी वेचलेल्या दाण्यांची झाली आणि पेरणी सगळ्यांची. प्रत्येक पोत्यात वरून, मधून, तळातून हात घाला, सगळं एकत्र करा आणि डोळे झाकून मोजा.

दुसरी चूक, एकदाच शंभर. खरी उगवण ७० टक्के असली तरी शंभर दाण्यांत नुसत्या योगायोगानं ६१ ते ७९ मधलं काहीही येऊ शकतं. तीनशे दाणे घेतले की तीच ओढाताण ६५ ते ७५ वर येते. म्हणून शंभरचे तीन संच. गोणपाट भिजवून पिळायचं, दहा-दहाच्या दहा ओळी, गुंडाळी करून सावलीत, रोज पाण्याचा शिपका. पाच ते सात दिवसांनी उघडायचं. नुसती शेपटी निघालेला दाणा मोजायचा नाही, धड कोंब अन् मूळ असलेलाच मोजायचा.

मग निर्णय. ७० टक्क्यांना एकरी ३० किलो. कमी असेल तर ३० गुणिले ७० भागिले आलेली उगवण. ६२ आली तर ३४ किलो. ६० च्या खाली असेल तर ते बियाणं पेरूच नये.

आणि चाचणी काय सांगत नाही तेही लक्षात ठेवा. गोणपाटात ना खोली ना वरच्या मातीची कडक पपडी. वावरात दाणा ५ सेंटीमीटरपेक्षा खाली गेला किंवा वरून पपडी धरली तर ७२ चे ५० होतात. तो दोष बियाण्याचा नसतो, पण तक्रार मात्र बियाण्याचीच होते.

नऊतपा
सगळं मान्य, पण एक विरोध नोंदवतो. तुम्ही अनुभवाला फार स्वस्तात काढता. म्हातारा माणूस मूठभर माती दाबून ओल सांगतो, तेव्हा त्याच्या हातात पन्नास पावसाळे असतात. तेही मोजमापच आहे, फक्त वहीत नाही.

गोणपाट
@नऊतपा, मातीच्या बाबतीत बरोबर. हाताचा अंदाज तिथं पक्का होतो, कारण चूक लगेच दिसते : ओल नसेल तर आठ दिवसांत उगवण सांगते. जिथं निकाल लवकर अन् स्पष्ट मिळतो तिथं म्हाताऱ्यावर विश्वास ठेवा. जिथं निकाल वर्षानं येतो आणि दहा कारणं त्यात मिसळलेली असतात (भाव, टॉनिक, वाण), तिथं पन्नास वर्षांचा अनुभव पन्नास वर्षांची समजूतही असू शकतो.

पावसाचा अंदाज मात्र हातानं नको. सोयाबीनला पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पाहिजे. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवा, पट्टीनं खोली मोजा. खाली निमुळता किंवा गळ्याला अरुंद डबा चालत नाही, पहिल्यात १० चे २० दिसतात, दुसऱ्यात उलट कमी. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा तुमच्या वावराचा नसतो, आपल्याकडे अर्धं शिवार भिजतं अन् अर्धं कोरडं राहतं.

पानठेला
बैलाचं एक शिंग भिजते अन् दुसरं कोरडं. हे बी टाका वहीत.

उलंगवाडी
विषय बाजाराकडे नेतो. 'कापूस ठेवला की भाव भेटते' या वाक्याचा हिशेब कोणी करत नाही.

समजा २० क्विंटल आहे, आजचा भाव ७५००. आज विकला तर दीड लाख. चार महिने ठेवला. ओलावा १२ टक्क्यांवरून ८ वर आला तर वजन २० चं १९.१३ क्विंटल होतं. दीड लाखाचं देणं थकलं, त्यावर महिन्याला शेकडा दोननं चार महिन्यांचं व्याज १२ हजार. म्हणजे फक्त बरोबरीत यायला १,६२,००० भागिले १९.१३, सुमारे ८४७० भाव पाहिजे. ८००० झाला तर लोक म्हणतात ५०० रुपये कमावले. खरं तर तो घाट्यात आहे.

दुसरी गोष्ट जुन्या आकड्याची. २०२१-२२ च्या हंगामात कापूस १० हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच आकडा डोक्यात धरून लोकांनी घरं भरून ठेवली आणि भाव खाली उतरला. १० हजार का झाले होते, ती कारणं या वर्षी आहेत का, हे विचारायच्या ऐवजी '१० झाले की काढू' एवढंच ठरलं होतं.

हिशेबनीस
उलंगवाडी, तुमच्या हिशेबात एकच गोष्ट दोनदा धरली गेली आहे.

१२ टक्के ओलाव्याचा कापूस आज पूर्ण ७५०० ला कोण घेतं? सीसीआय (सरकारी कापूस खरेदी करणारं महामंडळ) ८ टक्क्यांना पूर्ण भाव देते, त्यावर १२ पर्यंत दर टक्क्याला कपात करते आणि १२ च्या वर घेतच नाही. व्यापारीही कपात लावतोच. म्हणजे आज तुमच्या हातात ७२०० च्या आसपास पडतील. पाण्याचं वजन आज विकलं तर भावात कापलं जातं, उद्या विकलं तर वाळून जातं. तुम्ही ते फक्त उद्याच्या बाजूला लावलं.

दुरुस्त हिशेब : आज १,४४,०००. व्याज ११,५२०. बेरीज १,५५,५२० भागिले १९.१३, म्हणजे सुमारे ८१३०. तुमच्या आकड्यापेक्षा ३४० नं कमी. आणि देणं नसेल तर व्याज शेकडा दोननं धरायचं कारण नाही, बँकेत जे मिळालं असतं तेवढंच धरा.

उलंगवाडी
बरोबर आहे. चूक माझी. ८१३० धरा. घरात उंदीर, आगीची जोखीम, अंगाला सुटणारी खाज हे वेगळं, त्याला मी भाव लावला नव्हता.

धुरकरी
हे वर जे घडलं ना, तेच मला पाहिजे होतं. आकडा समोर होता म्हणून चूक सापडली. 'ठेवणं परवडत नाही' एवढंच लिहिलं असतं तर दोघं दोन दिवस भांडले असते.

वऱ्हाडी_ठेचा
बाजाराचं निघालंच आहे तर. ग्रुपवर 'आज सोयाबीन इतकं' म्हणून येते तो कमाल दर असते. बाजार समितीच्या पत्रकात तीन रकाने असतात : किमान, कमाल, सर्वसाधारण. तिसरा पाहायचा, अन् त्याच्या बाजूला आवक. कमाल दरानं दोन पोते गेले असले तरी बातमी तेच होते. दुसऱ्याच्या दोन पोत्यांच्या भावासाठी ट्रॅक्टरचं भाडं कोण भरते बाप्पा?

झाडीपट्टी
आमच्या धानपट्ट्यातून दोन उदाहरणं देतो जी, शेतीबाहेरची.

एक, साप उतरवणारा. 'त्यानं शंभर लोक वाचवले' यात खोटं काही नसतं, तिथंच फसगत आहे. आपल्याकडचे बरेचसे साप बिनविषारी. विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. म्हणजे मंत्र न म्हणता नुसतं बसवून ठेवलं असतं तरी बहुतेक वाचलेच असते. प्रश्न असा विचारायचा : नाग, मण्यार, परड (घोणस) किंवा फुरसं चावलेले किती आले आणि त्यांतले किती वाचले? हा आकडा कधीच मिळत नाही. दगावला तर 'उशिरा आणला' हे उत्तर तयार. जो दावा हरूच शकत नाही, तो जिंकला असंही म्हणता येत नाही.

मण्यार तर विशेष. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही, म्हणून 'काही नाही' असं वाटतं आणि पहाटे पापण्या मिटायला लागतात. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, हातपाय हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालय. तिथं स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर परड किंवा फुरशासारख्याचं विष भिनलंय हे कळतं. मण्यार-नागाचं मात्र त्या नळीत दिसत नाही, ते पापण्या अन् श्वासावरून ओळखतात. चाचणी कशाची आहे हे इथंही विचारावं लागते जी.

दोन, पाणाड्या, म्हणजे हातावर नारळ धरून पाण्याची जागा दाखवणारा. दहा जागा दाखवल्या, सात ठिकाणी पाणी लागलं. पण त्या शिवारात कुठंही बोअर मारली तर दहांत सात लागत असेल, तर नारळाचं काम काय? स्वस्त परीक्षा : जागा दाखवून झाली की डोळ्यांवर पट्टी बांधून, दोन गोल फिरवून, तीच जागा परत दाखवायला सांगा.

काळी_कसदार
@झाडीपट्टी, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक पेच आहे. तिथं पाणी लागतंच, पण खारं. 'पाणी लागलं' हा निकाल धरला तर प्रत्येक पाणाड्या पास. निकाल काय धरायचा हे आधी ठरवा : तूर ओलवता येईल असं पाणी, की नुसतं ओलं दगडाचं पीठ?

नऊतपा
बांध तोडून बोलतो, पण पाणाड्याला अशी परीक्षा घ्यायला सांगणार कोण? नात्यातला असतो. मामाजी असतात. इथं तर्क चालत नाही, मान चालतो.

झाडीपट्टी
मानानंच विचारायचं. 'तुमचं चूक आहे' म्हटलं की चर्चा संपली. 'मामाजी, कोणत्या खडकात लागत नाही?' असं विचारलं की माणूस स्वतःच मर्यादा सांगायला लागतो. गाडगेबाबा शेणगावचे, आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांच्या कीर्तनाची सगळी रीतच प्रश्नांची होती. उत्तर समोरच्यांच्या तोंडून यायचं, म्हणून ते कोणाला बोचत नव्हतं. आणि विचारायची वेळ पाहा. चारचौघांत नको, बोअरचे पैसे दिल्यावर तर अजिबात नको. पैसा गेला की माणूस त्याची बाजू लढवतो.

कापूसकोंडा
कपाशीची पानं लाल पडतात त्या लाल्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. एकाच लक्षणाची अनेक कारणं असली की काय करायचं, त्याचं हे चांगलं उदाहरण.

पान लाल झालं की दुकानदार मॅग्नेशियम देतो. कधी लागू पडतं, कधी नाही. मॅग्नेशियम कमी असेल तर लाली खालच्या जुन्या पानांवर आधी येते, आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो. तुडतुड्यांमुळे असेल तर कडेपासून पिवळं-लाल होतं, पान मुडपतं, आणि पान उलटं केलं की तिरपे पळणारे हिरवट किडे दिसतात (पानाला दोन-तीन भेटले तर फवारणीची वेळ). पाणी साचलं असेल तर वावराच्या खोलगट भागातच लाली दिसते. थंडीच्या रात्रींनी असेल तर शिवारभर एकदम.

तेव्हा क्रम असा : कोणतं पान, पानाचा कोणता भाग, वावराचा कोणता कोपरा, शेजाऱ्याकडेही आहे का. ही चार उत्तरं मिळाली की दोन कारणं आपोआप बाद होतात. चारही औषधं एका पंपात घालून फवारलं आणि बरं झालं, तर कशानं झालं ते कळत नाही, म्हणून पुढच्या वर्षी परत चारही घ्यावी लागतात. दुकानाला चालतं ते.

तिफण
आणि कधीकाळी खरी असलेली गोष्ट शिळी होते, हेही त्यात जोडा. 'बीटीवर (अळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीवर) बोंडअळी येत नाही' हे २००२ नंतर काही वर्षं बरंचसं खरं होतं. २००६ ला दोन जनुकांचं आलं. कडेच्या बिगर-बीटी ओळी लावल्या नाहीत, फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली पराटी) मार्चपर्यंत ठेवली, गुलाबी अळीला वर्षभर जेवण मिळालं, ती बीटीला सरावली. २०१७ ला विदर्भानं भोगलं. तरी वाक्य अजून ठेल्यावर फिरतंय.

आता अंदाज नको. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सापळ्यात रात्री आठ पतंग, असं सलग तीन रात्री आलं की उपाय. शिवाय वावरात तिरपं चालत वीस झाडांवरचं एकेक हिरवं बोंड फोडून पाहा, दोनात अळी निघाली तर दहा टक्के झाले. बाहेरून बोंड चांगलंच दिसतं, न फोडता सांगणारा माणूस अंदाज सांगतोय.

पानठेला
मोबाइलवाल्या फसवणुकीचं राहिलं. चार ओळीत टाकतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे तुमचे चालले. किसान सन्मानच्या नावानं एपीके फाईल आली तर उघडायची नाही. 'आत्ताच करा, नाहीतर बंद होईल' अशी घाई केली की फोन ठेवून स्वतः बँकेत जायचं. गेलेच तर लगेच १९३० लावायचा, उद्यावर ठेवायचं नाही.

धुरकरी
मूळ प्रश्नाकडे परत येतो. वरच्या सगळ्यातून मी एक वही आखली आहे, दुरुस्ती सुचवा.

रकाने सहा : तारीख, निर्णय, कारण, काय होईल असं वाटतं (आकड्यात), किती खात्री (शंभरात), कोणत्या तारखेला तपासायचं. नमुना : 'कापूस अर्धा आता विकला, अर्धा ठेवला. मार्चअखेर भाव ८१३० च्या वर असेल, शंभरात ४०.'

खात्रीचा रकाना महत्त्वाचा. 'शंभरात ७०' अशा दहा नोंदी झाल्या की त्यांतल्या सातेक खऱ्या निघायला पाहिजेत. दहाही निघाल्या तर आपण उगाच घाबरतो, चारच निघाल्या तर उगाच फुगतो. तारखेआधी लिहिणं आवश्यक, नाहीतर 'मले माहीतच होतं' म्हणायला सगळे मोकळे.

हिशेबनीस
एक रकाना वाढवा : 'काय दिसलं तर मी मत बदलीन.' तुमच्या नमुन्यात हेच नाही. नाहीतर मार्च येईल, भाव ७००० असेल आणि तुम्ही 'एप्रिल पाहू' म्हणाल.

धुरकरी
वाढवला.

गोणपाट
चांगल्या निर्णयाचा निकाल वाईट लागू शकतो, हेही तपासताना लक्षात असू द्या. शंभरात ७० म्हटलं की तीस वेळा उलटं होणारच. कारणाचा रकाना निकालापासून वेगळा वाचा.

वऱ्हाडी_ठेचा
वही घेतली राजेहो. पहिली नोंद : 'धुरकरी दिवाळीपर्यंत वही विसरते, शंभरात ९०.'

धुरकरी
तपासायची तारीख टाका.

पानठेला
अन् शर्त ठेल्यावर लावा.